शांघायच्या रंगमंचावरचा संसार

शांघायला जाणाऱ्यांच्या यादीत उंच इमारती आणि बाजारहाट असायचाच. पण मुलं बरोबर असतील, तर एक संध्याकाळ कसरतींच्या खेळासाठी जरूर राखून ठेवावी. तिथल्या भुयारी रेल्वेच्या १ नंबरच्या मार्गावर ‘शांघाय सर्कस वर्ल्ड’ नावाचं स्टेशनच आहे. बाहेर आलं की १९९९ साली बांधलेल्या नाट्यगृहाचा सोनेरी घुमट दिसतो. अगदी पुढची तिकिटं घेऊ नयेत. उंचावरचे खेळ पाहताना मान अवघडते.

चिनी भाषा येत नाही म्हणून काही अडत नाही. सारं काही डोळ्यांनीच समजतं. आणि सामान म्हणाल, तर थेट आपल्या घरातलं! पातळ काठ्यांच्या टोकांवर गरगरणाऱ्या चिनी मातीच्या बश्या, डोक्यावर झेललेला जड रांजण, पायांच्या तळव्यांवर फिरणारी छत्री, आणि खुर्चीवर खुर्ची रचून तिच्या टोकाला खाली डोकं वर पाय करून उभी राहिलेली मुलगी. दोरीच्या दोन्ही टोकांना पाण्याचे वाडगे बांधून ते गरागरा फिरवतात, पण थेंब सांडत नाही. लहानपणी भरलेली बादली आपणही अशीच फिरवली असेल. वेग असला की पाणी तळाशीच दाबलं जातं, आणि वेगानंच बशीही काठीवर तोल धरते. जादू नाही त्यात, आहे तो मनगटाचा सराव.

रंगमंचावर घरचं सामान आलं कुठून? ही कला खेड्यापाड्यांतून वाढली. हबेई प्रांतातलं वूछियाओ हे तिचं नावाजलेलं माहेर. शेती बेभरवशाची, म्हणून रिकाम्या दिवसांत तिथली माणसं हाताशी असलेल्या भांड्यांनिशी खेळ करत गावोगाव हिंडायची. कला मात्र त्याहून कितीतरी जुनी. जिनान शहरात १९६९ साली दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात मातीच्या बाहुल्या सापडल्या. त्यांतही हातांवर उभे राहिलेले कसरतपटू आहेत! २००६ साली वूछियाओच्या कलेची नोंद चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत झाली.

पण आईच्या नजरेला आणखीही काही दिसतं. पाठीची कमान करणारी ती मुलगी सहासात वर्षांची असतानाच सरावाला लागलेली असते. रोज पाय ताणायचे, रोज हातांवर उभं राहायचं, आणि बऱ्याचदा घरापासून दूर राहून. मी शाळेत शिकवते. त्या वयाचं मूल दहा मिनिटं एका जागी बसवणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या वाटा वाढल्यावर चिनी आईबापही मुलांना इकडे पाठवायला पूर्वीइतके राजी नसतात. कला टिकावी असंही वाटतं, आणि आपली मुलगी तिथे असती तर, या विचारानं पोटात कालवतंही. मुलांना खेळ दाखवावा, पण बशीमागच्या वर्षांबद्दलही दोन शब्द सांगावेत.

घरी परतल्यावर मुलं बश्या फिरवणारच! हाती स्टीलची ताटली द्यावी आणि चहाचा सेट वरच्या फळीवर ठेवावा. खुर्चीवर खुर्ची रचायला मात्र सक्त मनाई.