आधी नुसतं ऐक!

बालमित्रांनो, तुमच्या एखाद्या मित्राने स्वतः गायलेलं, घरीच रेकॉर्ड केलेलं गाणं तुम्हाला ऐकवलं, तर तुम्ही काय म्हणता? बरेच जण म्हणतात, "छान!" आणि विषय संपवतात. काही जण नाक मुरडतात, "ह्यॅ, काहीतरीच!" मी यातलं काहीच म्हटलं नाही. मी याहून मोठा घोटाळा केला. कसा, ते ऐका.

मी राहतो हिंजवडीला. पूर्वी हे गाव म्हातोबाच्या जत्रेचं आणि शेतीवाडीचं. चैत्रातली बगाडाची जत्रा अजूनही जोरात होते. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहू लागलं आणि गावाचं रूपच पालटलं. आता हिंजवडी म्हटलं, की लोकांना आठवतात कॉम्प्युटर कंपन्या आणि रस्त्यावरची गाड्यांची लांबच लांब रांग!

अशाच एका कंपनीत मी टेस्टर आहे. टेस्टर म्हणजे काय? तर दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वापरून बघायचे आणि त्यांतल्या चुका शोधायच्या. या चुकांना आम्ही 'बग' म्हणतो. दिवसभर मी बग शोधतो, त्यांना नंबर देतो, यादी करतो. चूक सापडली की मला आनंद होतो! आता अशा माणसाला कुणी आपलं गाणं ऐकवावं का? पण माझ्या भाच्याने ऐकवलं.

भाचा नववीत आहे. ताईचं घर आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली. माझी आईही सध्या ताईकडेच असते. गेल्या पावसाळ्यात या पठ्ठ्याने पावसावर स्वतः चार कडवी लिहिली, स्वतः चाल लावली, हार्मोनियम वाजवली, मोबाइलमधला तानपुरा आणि तबल्याचा ठेका घेतला, नि सगळं कॉम्प्युटरवर जोडून गाणं तयार केलं. आवाज एका पट्टीवर, पेटी दुसऱ्या, तबला तिसऱ्या. या पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात. मग कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे ठेवायचं, हे ठरवून सगळे ट्रॅक एकत्र करायचे. हेच ते मिक्सिंग. आपल्या आमटीसारखंच की! डाळ, चिंच, गूळ, गोडा मसाला सगळं उत्तम असलं, तरी प्रमाण चुकलं की आमटी बिघडते.

बरं का, पूर्वी असं काही करताच येत नव्हतं. १९०२ साली कोलकात्याला गौहर जान या गायिकेच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी त्या. तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी विजेवर चालणारा माइक वापरत नसत. एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं. आवाजाने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. जेमतेम तीन मिनिटांत गाणं आटपायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून! कुणाचा आवाज मोठा, कुणाचा लहान, हे कोण भोंग्याच्या किती जवळ आहे यावर ठरायचं. आज तेच काम नववीतला मुलगा आपल्या खोलीत बसून करतो. आणि हो, नको वाटलं तर एका बोटाने पुसूनही टाकतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

तर भाच्याने मला गाणं पाठवलं. खाली लिहिलं, 'मामा, कसं वाटलं ते सांग.' मी रात्री हेडफोन लावून बसलो आणि सवयीप्रमाणे यादी केली. एक, सुरुवातीला खरखर आहे. दोन, पंख्याचा आवाज येतो. तीन, 'प' आणि 'भ' म्हणताना फट्फट् वाजतं. चार, वरचे सूर फुटतात. असे एकूण चौदा मुद्दे! नीट नंबर घालून मी यादी पाठवून दिली. किती बारकाईने ऐकलं म्हणून स्वतःवरच खूश झालो.

उत्तर आलं, 'थँक्स मामा.'

त्यानंतर पंधरा दिवस खालून पेटीचा आवाज आला नाही. मला वाटलं, चाचणी परीक्षा असेल. एका रविवारी सकाळी आईने विचारलं, "काय रे, त्याचं गाणं ऐकलंस ना? कसं होतं?"

"बरं होतं, पण चौदा चुका होत्या," मी म्हणालो.

"चुका नाही विचारल्या मी. गाणं कसं होतं? चाल म्हणून दाखव बघू."

मी तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. मला चाल आठवेचना! शब्दही आठवेनात. मी ते गाणं तीनदा ऐकलं होतं. पण मी ऐकला होता पंखा, खरखर आणि फटफट. गाणं मी ऐकलंच नव्हतं!

"त्याने पुसून टाकलं ते," आई म्हणाली. "म्हणाला, आजी, माझा आवाजच घाण आहे. अरे, आवाज फुटायचं वय त्याचं. या वयात मुलांचा गळा वाढतो, स्वर खाली उतरतात, मध्येच चिरकतात. अशा वेळी पोरं चारचौघांत बोलायलाही लाजतात. हा गात होता!"

मला कसंसंच झालं. मी म्हणालो, "पण आई, चुका सांगायच्याच नाहीत का? नुसतं 'छान छान' म्हटलं तर तो सुधारणार कसा?"

मग आईने मला लता मंगेशकरांचा किस्सा सांगितला. लताबाई तेव्हा हिंदी सिनेमात नवीन होत्या. लोकलच्या प्रवासात दिलीपकुमारांशी ओळख झाली, तेव्हा ते म्हणाले, की मराठी माणसांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं. पण त्यांनी शिक्षक शोधले आणि उर्दू शिकायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या उच्चारांचं किती कौतुक झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"त्यांना एकच गोष्ट सांगितली, आणि ती शिकता येण्यासारखी होती," आई म्हणाली. "तू चौदा सांगितल्यास. त्या पोराने कुठली धरायची? आणि तेही बोचलंच होतं ना! न बोचता सांगता येत नाही, असं थोडंच आहे?"

मी भाच्याच्या खोलीत गेलो. तो पुस्तकात डोकं घालून बसला होता. "गाणं परत म्हणशील?" मी विचारलं. तो म्हणाला, "नको. गेलं ते. मला आठवतही नाही आता."

तेवढ्यात दारातून गुणगुणणं ऐकू आलं. आई! पंधरा दिवस भिंतीपलीकडून तिने ते गाणं जुळताना ऐकलं होतं. ध्रुवपद झालं, अंतरा सुरू झाला, आणि दुसऱ्या ओळीत ती चुकली.

"आजी, तिथे वर नाही जायचं, खाली यायचं!" भाचा ताडकन म्हणाला. आणि त्याने ती ओळ म्हणून दाखवली.

मग काय, आम्ही तिघंही कामाला लागलो. या वेळी मी आधी विचारलं, "तुला या गाण्यात काय हवंय?" तो म्हणाला, "पाऊस यायच्या आधी कसं सगळं थांबल्यासारखं होतं ना, तसं वाटायला हवं." हे मला माहीतच नव्हतं! मी खरखर म्हणून ज्याला पहिला नंबर दिला होता, तो पत्र्यावर पडणारा पाऊस होता. त्याने मुद्दाम गॅलरीत जाऊन रेकॉर्ड केलेला!

पंखा बंद केला. खोलीत आवाज घुमू नये म्हणून आईच्या दोन गोधड्या भिंतींवर टांगल्या. माइक तोंडापासून वीतभर लांब, जरासा बाजूला ठेवला. म्हणजे 'प' आणि 'भ' म्हणताना हवेचा झोत थेट त्यावर आदळत नाही. वरचे सूर फुटत होते, त्यावर मी एवढंच म्हणालो, "पट्टी थोडी खाली घेऊन बघतोस का?" त्याने दोन स्वर खाली घेतली, आणि आवाज कसा मोकळा लागला!

रेकॉर्डिंग ऐकल्यावर तो पुन्हा कुरकुरला, "हा माझा आवाज नाहीच." तसं सगळ्यांनाच वाटतं बरं का! आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून तर येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोचतो, म्हणून तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला आवाज असतो. म्हणजे जगाला आपण असेच ऐकू येतो. हे सांगितल्यावर तो हसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडीतून निघालो आणि शिवाजी चौकाच्या अलीकडे अडकलो. हिंजवडीत गाडीत बसून गाणी ऐकायला वेळच वेळ! तिथे कळलं, की हेडफोनवर छान वाटणारा तबला गाडीत शब्दांवर कुरघोडी करतोय. म्हणून मिक्स नेहमी दोन-तीन ठिकाणी ऐकावं. मी म्हणालो, "दुसऱ्या कडव्यात 'ढग' शब्द मला ऐकू आला नाही. तबला जरा मागे नेला तर?" त्याने मान डोलावली. मग मी म्हणालो, "आणि शेवट लांबतोय." त्यावर तो म्हणाला, "नाही मामा, तो तसाच हवा." मी गप्प बसलो. गाणं त्याचं होतं ना!

आता ते गाणं पूर्ण झालंय. बिनचूक? छे! एका ठिकाणी अजून सूर किंचित उतरतो. पण मला ते सबंध पाठ आहे, आणि आंघोळ करताना मी ते गुणगुणतो.

तर दोस्तांनो, तुमच्या मित्राने गाणं ऐकवलं, तर पहिल्यांदा काही न बोलता शेवटपर्यंत ऐका. मग त्याला काय हवं होतं ते विचारा. जे आवडलं, ते कुठल्या ओळीत आवडलं ते सांगा. आणि सुधारणा सांगायची तर एक-दोनच सांगा, त्याला करून बघता येतील अशा. आईबाबांनो, हे तुम्हालाही लागू आहे हं!

कालच भाच्याचं नवीन गाणं आलं. खाली लिहिलं होतं, 'मामा, आधी नुसतं ऐक. यादी उद्या.'

मी अजून यादी केलेली नाही.