रस्त्यात न ओळखणाऱ्या मैत्रिणी

फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यामुळे तिथल्या गुलामांची सुटका आपल्याला ठाऊक आहे. पण गुलामी चालू असतानाच जी काळी मुलं स्वतंत्र जन्मली, त्यांचं लहानपण कसं गेलं असेल? मला ते शार्लट फॉर्टनच्या रोजनिशीत सापडलं.

शार्लट १८३७ साली फिलाडेल्फियात जन्मली. तिचे आजोबा जेम्स फॉर्टनही स्वतंत्रच जन्मलेले. जहाजांची शिडं शिवण्याच्या त्यांच्या कारखान्यात गोरे कामगारही होते. घरात पुस्तकं होती, पैसा होता. पण गावातल्या शाळा रंगावरून वेगळ्या, म्हणून ती घरी शिकली आणि पुढे वडिलांनी तिला मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या शाळेत धाडलं. तिथे गोऱ्या मुलींबरोबर एकाच वर्गात बसायला मिळालं. वर्गात त्या गोड बोलायच्या. त्याच मुली दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटल्या की नजर चुकवून निघून जायच्या. शिवी नाही, धक्का नाही; नुसती ओळख गिळून टाकायची. पोरवयात हे किती खोल जात असेल!

सोळाव्या वर्षी, २४ मे १८५४ रोजी तिने रोजनिशी लिहायला घेतली. त्याच दिवशी जवळच्या बॉस्टनमध्ये, व्हर्जिनियातून पळून आलेल्या अँथनी बर्न्सला पकडलं. २ जूनला सैनिकांच्या पहाऱ्यात त्याला बंदरावर नेऊन परत गुलामीत धाडलं. फरारी गुलामांविषयीच्या १८५० च्या कायद्याने पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नसे. त्याला मालकाच्या हवाली केलं तर आयुक्ताला दहा डॉलर, सोडलं तर पाच. (न्यायाचा असा उघड दर क्वचितच छापला गेला असेल.) स्वतंत्र माणसालाही उद्या कुणी गुलाम म्हणून धरलं, तर तोंड उघडायची सोय नाही. फिलाडेल्फियातून तर १८२५ साली काळी मुलं कामाच्या आमिषाने जहाजावर बोलावून दक्षिणेत विकली गेली होती. अशा गावात मूल खेळायला गेलं की आईचा जीव दारातच अडकत असणार. हे स्वातंत्र्य उंबऱ्याच्या आत खरं होतं; बाहेर ते सतत सिद्ध करावं लागे.

शार्लट कडवट झाली, हे तिने लपवलं नाही. मला ते आवडतं. सोसणाऱ्याने हसतमुखच असावं, ही अपेक्षा दुष्ट आहे. १८६२ साली, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असतानाच, ती दक्षिण कॅरोलिनातल्या सेंट हेलेना बेटावर शिक्षिका म्हणून गेली. नुकत्याच सुटलेल्या मुलांना तिने अक्षरांसोबत हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याची गोष्टही सांगितली. तिची रोजनिशी छापलेली मिळते. मिळवा, आणि शाळेची पानं आधी वाचा.