दार आहे, घर कुठे?

दिवाळीच्या सुटीत आम्ही आरमोरीहून सहकुटुंब गोव्याला गेलो. मुलांना समुद्राची ओढ. आम्हाला जुने गोवे पाहायचे होते.

मांडवीकाठचे हे शहर पूर्वी विजापूरच्या आदिलशहाचे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने ते जिंकले आणि इथल्या मुसलमानांची कत्तल केली. मग राजधानी उभी राहिली, इतकी श्रीमंत की गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, असे म्हणत. पुढे रोगराईने शहर ओस पडले. १८४३ साली पणजी राजधानी झाली. आता उरलीत ती भव्य चर्चे.

सेंट कॅजेटन चर्चजवळ आदिलशहाच्या वाड्याची काळ्या दगडाची चौकट तेवढी उभी आहे. धाकट्याने विचारले, "अब्बा, दार आहे, मग घर कुठे?"

कत्तलीचे ऐकून मुलगी गप्प झाली होती. थोड्या वेळापूर्वी चर्चच्या पायरीवर एका ख्रिस्ती आजींनी तिला सावलीत बसवून पाणी दिले होते. ती हळूच म्हणाली, "त्या आजींवर राग धरायचा का?"

आम्ही म्हणालो, "नाही बेटी. ज्याने केले, त्याचा हिशेब अल्लाहकडे. इतिहास लपवायचा नाही आणि त्याचे कर्ज आजींकडून वसूलही करायचे नाही."

दुसऱ्या दिवशी फोंड्याची साफा मशीद पाहिली. आदिलशाहीतली, १५६० सालची. तलावाच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा धाकटा म्हणाला, "अब्बा, हे घर आहे." आम्ही मनोमन शुक्र अदा केला.