नानांची डिझेल

आमच्या प्रकाशा गावी 'जुनी मोटार घ्यावी म्हणतो' एवढे एकच वाक्य उच्चारून पाहावे. तापी-गोमाईच्या संगमावरील या गावाला लोक दक्षिण काशी म्हणतात. आणि काशीत जसा पंडितांना तोटा नाही, तसा आमच्याकडे सल्लागारांना नाही. चहाच्या टपरीपासून केदारेश्वराच्या देवळापर्यंत मला अकरा जणांनी गाठले. त्यांतल्या नऊ जणांनी सांगितले, "गुरुजी, डोळे मिटून डिझेल घ्या!" डोळे मिटणे मला परवडणारे नव्हते, कारण पैसे माझे नव्हते. ते नानांचे होते.

नाना म्हणजे माझे वडील; वय वर्षे ब्याऐंशी. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली, आणि नंदुरबारला न्यायला वाहन मिळेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाविषयी मी येथे लिहीत नाही. नाना बरे होऊन घरी आले. उसाच्या पैशांतून बाजूला टाकलेली ठेव त्यांनी मोडली, रक्कम माझ्या हाती ठेवली आणि म्हणाले, "जुनी चालेल. पण डिझेलची बघ."

ही डिझेलभक्ती विहिरीवरची आहे. नानांच्या तरुणपणी आमच्या विहिरीवरची मोट गेली आणि ऑइल इंजिन आले. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात अशा इंजिनांचा कारखाना काढला आणि पुढे महाराष्ट्रातल्या शेताशेतांतून त्यांची 'पुक पुक' ऐकू येऊ लागली. गंमत अशी, की त्याच घराण्याने १९२० साली एक मासिकही सुरू केले होते. आमच्या घरात बापाने त्यांचे इंजिन घेतले आणि लेकाने मासिकांचे वेड! जेवताना शेतातल्या इंजिनाचा ठोका चुकला, तर नाना हातचा घास ताटात ठेवून उठत. आता त्यांना ऐकू फार कमी येते. देवळातली घंटा, उसाचा ट्रॅक्टर, असले जाड आवाज तेवढे पोचतात.

शहाद्याच्या एका परिचितांकडे २०१४ सालची डिझेल मोटार विकाऊ होती. त्याच वयाची एक पेट्रोलची मोटारही पाहण्यात होती. ती ऐंशी हजारांनी स्वस्त. डिझेलची मोटार घेऊन मी मिस्तरीकडे गेलो. वाटले, हा आता झाकण उघडील, कान लावील. पण त्याने हात पुसले आणि विचारले, "गाडीचं मागून बघू, गुरुजी. तुमचं चालवणं किती ते आधी सांगा."

मी कादंबऱ्या लिहितो. मी तोरणमाळ सांगितले, ओंकारेश्वर सांगितले, पुण्याचे साहित्यिक कार्यक्रमही सांगितले.

"ते वर्षातनं कितीदा?" मिस्तरी म्हणाला. "रोजचं सांगा."

मग त्याने जे समजावले, ते मी शाळेत विज्ञान शिकवूनही इतके सोपे कधी सांगितले नव्हते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची, की ती तापून लाल व्हावी; मग तीत तेलाचा फवारा सोडायचा. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराने १८९७ साली आउग्सबुर्गला हे यंत्र चालवून दाखवले, ते कारखान्यांसाठी; तासन् तास एका लयीत राबणाऱ्या कामासाठी. असले इंजिन तापायला वेळ घेते. "तीन किलोमीटर जायचं आणि बंद करायचं, म्हणजे चूल पेटायच्या आत पाणी ओतायचं," मिस्तरी म्हणाला. "काजळी साठणारच." १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांच्या डिझेल गाड्यांत तर ही काजळी धरून ठेवणारी गाळणी असते, ती साफ व्हायला गाडी बराच वेळ एका वेगाने पळवावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्याची गाळणी तुंबते. २०१४ च्या या गाडीत ती गाळणी नव्हती. पण काजळी असतेच.

मी एक वही घातली. महिनाभर स्कूटर, एस.टी., रिक्षा, जशी जी फेरी झाली तशी टिपली. शाळा साडेतीन किलोमीटर. शहाद्याचा बाजार पाच वेळा. नंदुरबार दोनदा. किराणा, शेत, पोस्ट. बेरीज चारशे अडुसष्ट किलोमीटर. आणि लांबच्या म्हणाव्यात अशा फेऱ्या अवघ्या सात. तोरणमाळ वहीत नव्हते. ते सातपुड्यात होते तेथेच आहे. सौ.ने वही चाळली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या कादंबरीतला नायक बराच हिंडतो." वही वाचताना मला मोटारीपेक्षा माझ्याविषयीच अधिक कळत होते, आणि ते सर्वच सुखाचे होते असे नाही.

पुढे मॅट्रिकचे गणित. त्या दिवशी पंपावर पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१. पेट्रोलची गाडी लिटरला सोळा किलोमीटर, डिझेलची एकवीस धरली. वर्षाला डिझेल वाचवते साडेबारा हजारांच्या आसपास. वरचे ऐंशी हजार फिटायला सहा वर्षांहून अधिक काळ लागणार, आणि गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे तर २०२९ सालीच भरतात. पुढे तपासणी करून, हरित कर भरून मुदत वाढते, पण एखादा इंजेक्टर गेला की दोन वर्षांची बचत बसली! नऊ सल्लागारांचे ज्ञान जुन्या काळचे होते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल त्र्याहत्तर रुपये होते आणि डिझेल एक्केचाळीस. तेव्हा डोळे मिटणे शहाणपणाचे होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरचा हात काढला आणि ती दरी बुजत गेली.

गाडी खोटी निघाली असती, तर माझे काम सोपे झाले असते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारे दात पाहतात. मिस्तरीने पेडलचे रबर पाहिले, ते मीटरवरच्या आकड्याशी जुळत होते. सकाळी थंड इंजिन आमच्यासमोरच चालू करायला लावले. निळा धूर नाही, पांढरा नाही. तेलाचे झाकण काढले, तरी वाफारा आला नाही. "रोज धुळे-नंदुरबार करणाऱ्याला सोनं आहे," मिस्तरी म्हणाला.

वही मी नानांपुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती बोटाने ओळ धरून वाचली.

"नंदुरबार दोनदाच?"

"दोनदाच, नाना."

"तेही माझ्याच औषधापायी." थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "काम नसलं तर इंजिन गंजतं. विहीर आटली तेव्हा आपलं मीच विकलं होतं की." वही मिटून त्यांनी उशीखाली ठेवली. ती अजून मला परत मिळालेली नाही.

पेट्रोलची गाडी आली. तिची पहिली फेरी नानांच्या तपासणीची, नंदुरबारला. मी किल्ली फिरवली. नानांनी पुढच्या फळीवर तळहात टेकून ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"चालू केलीस का?"

"केली, नाना."

तापीचा पूल लागला तेव्हा त्यांनी पुन्हा विचारले, "चालू आहे ना रे?" काट्यावर पन्नासचा वेग होता.