केबिनआधी जेवणाची वेळ विचार

चि. नेहा,


कॉर्डेलियाच्या बोटीने गोवा करावा की लक्षद्वीप, असं तू विचारलंस. गोवा कर. लक्षद्वीपला मोठी बोट बेटाला टेकत नाही. भर समुद्रात छोट्या होडीत उतरावं लागतं, आणि समुद्र खवळला तर तेही रद्द. चार वर्षांच्या अन्वयला कडेवर घेऊन पहिल्याच खेपेला हे नको. गोव्यात मुरगावला बोट सरळ धक्क्याला लागते.

लागली तरी तुम्ही उतरू नका! हसू नकोस. बाकीचे प्रवासी बसने किनाऱ्यांकडे पळतात तेव्हा बोट अर्धी रिकामी होते. स्विमिंग पूलमध्ये धक्काबुक्की नाही, चढायच्या भिंतीपाशी रांग नाही. कळंगुट तुम्ही गाडीने जाऊनही बघता. रिकामी बोट पुन्हा मिळत नाही. फक्त डायपरवाल्या मुलांना पूलमध्ये सोडत नाहीत, आणि जीवरक्षक असेलच असं धरून चालू नकोस. दोघांपैकी एकाने काठावर बसायचंच, फोन न बघता.

कॉर्डेलियाची ही बोट, एम्प्रेस, तशी जुनीजाणती. १९९० साली फ्रान्समध्ये सेंट नाझेरला बांधली, तेव्हा नाव नॉर्डिक एम्प्रेस. तीन-चार रात्रींच्या छोट्या फेऱ्यांसाठीच तिची आखणी झाली होती, म्हणून आपल्या शनिवार-रविवारच्या हौसेला ती बरोबर पुरते. २०२१ पासून ती मुंबईहून सुटते. निखिलरावांना कुणीतरी ‘आयकॉन ऑफ द सीज’चे व्हिडिओ पाठवले असणारच, सहा घसरगुंड्यांचं वॉटरपार्क वगैरे. ती हिच्या पाचपट मोठी आहे. असू दे. दहा वर्षांच्या ओवीला दुसऱ्या दिवशी सकाळी आपली केबिन आपली आपण सापडते, हे लहान बोटीवरच होतं.

आणि मला नेमकं हेच तुला सांगायचंय. गाडीच्या सहलीत तुम्ही चौघं चोवीस तास एकमेकांच्या अंगावर असता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी कुणावर तरी खेकसतंच. बोटीवर मात्र घर दिवसभर सुटं होतं आणि जेवायला एकत्र येतं. मुलांचा विभाग त्यासाठीच असतो. बहुतेक बोटींवर तीन वर्षं पूर्ण झालेलं आणि शी-शू सांगणारं मूल एकटं ठेवून घेतात. त्याहून लहान असेल तर आई-बाबांपैकी कुणी सोबत लागतं. चित्रं, कागदकाम, नाच, चाच्यांचा खजिना शोधणं, असं काही ना काही चालू असतं. आणायला-सोडायला सही करावी लागते. वयाप्रमाणे गट वेगळे, म्हणजे ओवी आणि अन्वय एकत्र बसणार नाहीत. त्यांना एकत्र ठेवा म्हणून तिथल्या मुलीच्या मागे लागू नकोस. ओवी घरी अन्वयची अर्धी आई झालेली आहे, मी बघते ना. दोन दिवस तिला नुसती दहा वर्षांची राहू दे.

म्हणून सगळी मदार जेवणावर. रात्रीच्या जेवणाच्या दोन वेळा देत असतील तर आधीची घे. साडेनऊला सूप येईपर्यंत अन्वय टेबलावर डोकं ठेवून झोपलेला असेल. बुफे तिकिटातच धरलेला असतो, बसून वाढणारं एक रेस्टॉरंटही असतं. चायनीजसारखी वेगळी उपाहारगृहं बहुधा जादा पैशांची. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते, तेव्हा सासूबाईंना निर्धास्त कर. दुपारी बुफेवर मुलांना ताट हातात देऊन सोड. ओवी तीन गोड पदार्थ घेईल, घेऊ दे. रात्री मात्र बसून जेवा, आणि आपल्याला काय हवं ते वेटरकाकांना तिचं तिने सांगायचं. दिवसभर कुणी काय केलं ते तिथेच कळतं. एकदा सगळ्यांनी केबिनमध्ये खाणं मागवलं की ही गंमत संपली. बुफेआधी हात साबणानेच धुवायचे. बोटींवर उलट्या-जुलाबांची जी साथ पसरते तिच्या विषाणूला सॅनिटायझर फारसं जुमानत नाही.

घरचं शिजवलेलं वर नेऊ देत नाहीत, किटलीही नाही, आगीची धास्ती. पूर्वी उलट होतं. माझी आई वेंगुर्ल्याहून मुंबईला आली ती याच पाण्यावरून. आगबोट खोल पाण्यात उभी, पडावातून माणसं नि फणस वर चढायचे, आणि जेवण म्हणजे फडक्यात बांधलेल्या दशम्या. अन्वयच्या मेतकूट-भाताचं मात्र काही होणार नाही; दहीभातावर भागव.

केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घे, तिथे बोट कमी हलते. बाल्कनीचे पैसे वाचव. कठड्याशी खुर्ची ओढणारं पोर बरोबर असताना बाल्कनी म्हणजे पहारा. खिडकी नसलेल्या अंधाऱ्या केबिनमध्ये मुलं छान उशिरापर्यंत झोपतात. बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो, म्हणजे तुझी दोन्ही त्यात आली. औषध डॉक्टरांना विचारूनच. दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात बोट इथे नसतेच, पूर्व किनाऱ्याला जाते.

सुटण्याआधी लाइफ जॅकेटची कवायत असते. बरेच मोठे लोक कंटाळून फोन काढतात. तुम्ही नीट करा. टायटॅनिकनंतर जगाने जे नियम केले त्यांतलाच हा एक, आणि ओवीला टायटॅनिक म्हटलं की कान टवकारतातच. मग तडक वरच्या डेकवर. उजवीकडे कुलाब्याच्या टोकाचं प्रॉन्ग्स दीपगृह दिसेल, १८७५ चं. डावीकडे लांब खांदेरी. २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या आपल्या बारा किल्ल्यांतला एक. पुढचं कोकण अंधारात निघून जातं, तेव्हा उजेड आहे तोवर दाखव.

मुलांचीही ओळखपत्रं बरोबर ठेव, तिकिटावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे ना ते बघ. अन्वयच्या आधारावर अजून ‘बेबी’ असेल तर आधी ते बदलून घे. आलेपाकाच्या वड्या मी करून पाठवते, बोटीवर चढण्याआधीच खायला. निखिलरावांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
विजूमावशी