मधल्या मधे

'बिटवीन' मी पाचवीत शिकलो. बाईंनी टेबलावर दोन वह्या ठेवल्या, मधे खडू. "द चॉक इज बिटवीन द बुक्स." संपला विषय. निदान मला तसं वाटलं होतं.

नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. वसुलीचा मार्च महिन्याचा रिपोर्ट करायचा होता. एसक्यूएलमधे सरळ लिहिलं, तारीख बिटवीन १ मार्च अँड ३१ मार्च. एसक्यूएलचं बिटवीन दोन्ही टोकं धरतं, हे मला पाठ होतं. गोची अशी की त्या रकान्यात तारखेबरोबर वेळही होती. आणि वेळ न देता नुसतं ३१ मार्च लिहिलं की डेटाबेस ते रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं समजतो. म्हणजे ३१ तारीख जेमतेम उजाडायच्या आधीच आमचा रिपोर्ट बंद. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, सगळ्यात जास्त वसुलीचा, अख्खा गायब!

मीटिंगमधे मॅनेजरने विचारलं, "टेस्ट कुणी केलं?" आमच्या टीममधल्या मुलीने हात वर केला. लिहिलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मधल्या मधे ती बोलणी खात होती आणि मी वहीत रेघोट्या मारत होतो.

ती ओळ मी त्याच दुपारी बदलली : १ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी. बिटवीन काढूनच टाकलं. मग घरी जाऊन डिक्शनरी उघडली. बिटवीनच्या पोटात 'दोन' दडलेत, 'टू'चाच भाऊबंद. इंग्रजी शब्द दोन टोकांकडे बघतो. आपला 'मध्ये' आला 'मध्य'वरून, तो बघतो मधल्याकडे. म्हणून तर "दोन इमारतींमध्ये पार्किंग आहे" म्हटलं की दोन्हीत आहे की दोन्हींच्या मधल्या जागेत, हे मराठीत कळत नाही. पण टोकं धरायची की नाही, ते बिटवीनही सांगत नाही. ते आपलं आपणच स्पष्ट करायचं असतं.

असो. टपरीवर तिला गाठून सॉरी म्हटलं. तिने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मला काय सांगतोस? त्यांना सांग ना."

सांगितलं. मीटिंग शुक्रवारची, सांगितलं सोमवारी. दोन्ही टोकं धरून चार दिवस.