ऊर्फ

सेवानिवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा, हा प्रश्न मला फार दिवस पडला नाही. नातवाने संगणकापुढे बसवले आणि मराठी विकिपीडियात दुरुस्त्या कशा करतात ते शिकवले. उभा जन्म टिपण्या लिहिण्यात गेलेला. गायक-नटांच्या चरित्रांतील नावे तपासण्याचे काम मी आवडीने पत्करले. आम्हां इंदूरकरांना देवास शेजारी, तेव्हा आरंभ कुमार गंधर्वांपासूनच झाला.

मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावीस. देहावसान १९९२ साली देवासला. ज्ञानकोशाचा संकेत असा की, शीर्षक लोकांच्या तोंडी असलेल्या नावाचे द्यावे, जन्मनाव पहिल्याच वाक्यात यावे, 'पंडित' ही उपाधी शीर्षकास जोडू नये, आणि जन्मनावाने शोधणाऱ्यालाही त्याच पानावर आणून सोडावे. शिवाय प्रत्येक नावास छापील आधार हवा. हे सारे माझ्या सरकारी मनास फार मानवले.

पण आडनावांप्रमाणे सूची लावू लागलो आणि गोंधळ उडाला. 'ग'खाली बाल, सवाई, कुमार आणि छोटा असे चार गंधर्व एका कुटुंबातल्या भावंडांसारखे येऊन बसले. वास्तविक त्यांत एक राजहंस, एक कुंदगोळकर, एक कोमकळी आणि एक गोरे. गंधर्व हे आडनाव नव्हे, रसिकांनी दिलेला मान आहे. तो मधोमध तोडून त्याचा अर्धा भाग आडनाव म्हणून वापरणे हा त्या मानाचा अधिक्षेप. आमच्याच इंदुरात १९२६ साली जन्मलेले बदरुद्दीन काझी पडद्यावर जॉनी वॉकर झाले. त्यांना 'वॉकर' घराण्यात ढकलणेही तितकेच हास्यास्पद. उलट 'मंगेशकर' हे दीनानाथांनी मंगेशीवरून घेतलेले नाव असले, तरी पुढे ते खरोखरीच कुळाचे नाव झाले. म्हणजे सरसकट एक नियम लावता येत नाही. प्रत्येक नावाची कुळकथा वेगळी वाचावी लागते.

हे करीत असताना एका दुपारी हात थबकला. नोकरीत असताना वृद्ध कलावंतांच्या अर्थसाहाय्याची प्रकरणे काही काळ माझ्या टेबलावर होती. माळव्यातील माचात स्त्रीभूमिका करणारे एक म्हातारे गृहस्थ अर्ज घेऊन आले. अर्जावर जन्मनाव; सोबतच्या जीर्ण जाहिरातींवर मात्र रंगभूमीवरचे नाव. "साहेब, गावात कुणालाही विचारा," एवढेच ते म्हणाले. मी शेरा मारला : 'नावांत तफावत. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याबाबत शपथपत्र सादर करावे.' शेरा नियमास धरून होता. परंतु त्यांच्या गावी चौकशीचे एक पत्र धाडणे माझ्याही अधिकारात होते. मी ते धाडले नाही. गृहस्थ पुन्हा आले नाहीत. प्रकरण यथाकाल नस्तीबंद झाले.

पुरावा ज्ञानकोशही मागतो आणि कचेरीही मागते. मात्र ज्ञानकोशात लोकांनी ओळखलेले नाव अग्रस्थानी असते आणि जन्मनाव त्याच्या आधारास येते. मी त्या दिवशी जन्मनावालाच खरे मानले आणि ज्या नावाने त्यांनी आयुष्य वेचले ते तफावतीच्या रकान्यात टाकले.

आता त्यांच्याविषयी चार ओळी लिहाव्यात असे फार वाटते. छापील आधार मात्र कोठेही सापडत नाही. त्या जाहिराती मी स्वतःच परत केल्या होत्या, आणि आठवणीच्या बळावर लिहिणे ज्ञानकोशास चालत नाही. ते योग्यच आहे. नवल याचे की, ज्या जन्मनावासाठी मी तो कागद अडवला, ते मला आज आठवत नाही. रंगभूमीवरचे नाव तेवढे स्पष्ट आठवते.